माउलीपुढचा निळा बुधला

लोस अल्मेंद्रोस वस्तीत दोन्या लास्तेनियाचं न ऐकणाऱ्या दोघीच होत्या. एक सुयापाची माउली, म्हणजे कुमारी मातेची मूर्ती. ती बोटभर उंचीची, लाकडी पेटीत काचेमागे उभी, आणि कुणाचं ऐकलं की नाही हे चेहऱ्यावर कधी दाखवत नसे. दुसरी भिंतीपलीकडची ओफेलिया. तिनं बारा वर्षांत लास्तेनियाकडे एक शब्द टाकला नव्हता आणि लास्तेनियानंही तिच्याकडे टाकला नव्हता.

बाकी सारी वस्ती लास्तेनियाच्या धाकात होती आणि तिला मानानं 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायची. गल्लीच्या तोंडाशी तिची चूल. चोलोमाच्या कपड्यांच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या पोरी पहाटे तिथं थांबत, मक्याच्या गरम तोर्तिया आणि घेवड्याची उसळ बांधून घेत, आणि त्याबरोबर एखादा उपदेश फुकटात पदरी पडे. "लग्नाचं वचन देतोय म्हणे! आधी छपराचे पत्रे दाखव म्हणावं." अंगानं ती थोराड, चालताना जरा डुलायची, आणि आवाज असा की कुजबुजली तरी तिसऱ्या घरात उत्तर मिळावं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी मार्लेन कारखान्यात रात्रपाळी करायची आणि दिवसा झोपायची. त्यामुळे नातीला, केलिनला, वाढवलं ते आजीनंच. केलिन नऊ वर्षांची, काडीसारखी, आणि आजीचा जीव सगळा त्या काडीत अडकलेला.

ओफेलियाशी वैर नव्हतं तेव्हाची गोष्ट वेगळी होती. मोठ्या वादळात नदीनं दोघींची घरं नेली. शाळेच्या एका वर्गात, एका ताडपत्रीखाली दोघींचे संसार मांडले गेले. मार्लेन तेव्हा तान्ही होती. तिला थंडी वाजून आली की एक रात्र आई उराशी धरी, दुसऱ्या रात्री ओफेलिया. पुढे मार्लेनच्या बाप्तिस्म्याला ओफेलियाच धर्ममाता झाली आणि त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या. आईचं आणि धर्ममातेचं हे नातं रक्ताचं नसतं, म्हणूनच ते जास्त जपतात. वस्तीत जागा मिळाल्या तेव्हा दोघींनी अधिकाऱ्यांशी भांडून शेजारशेजारच्या घेतल्या आणि मध्ये एकच भिंत घातली. खर्च वाचला, आणि गप्पांनाही सोयीचं झालं.

मग ओफेलियाच्या नवऱ्याची दारू हाताबाहेर गेली. टेकडीखालच्या प्रार्थनागृहातल्या पास्टरांनी ती सोडवली, आणि ओफेलिया सगळ्या घरादारासकट त्यांच्या पंथात गेली. तिथं मूर्ती चालत नाहीत, संत चालत नाहीत. पुढच्या मे महिन्यात लास्तेनिया नेहमीसारखी माउलीची पेटी घरोघर फिरवत तिच्या दाराशी उभी राहिली, तर ओफेलिया आतूनच म्हणाली, "मी आता बाहुल्यांना दार उघडत नाही, कोमाद्रे."

"मग मलाही उघडू नकोस," लास्तेनिया म्हणाली.

बोलण्याच्या भरात माणूस काहीही बोलतं. पण या दोघी शब्दाच्या पक्क्या, हीच पंचाईत. दार त्या दिवशी मिटलं ते मिटलंच. पुढे जन्मलेली केलिन तेवढी दोन्ही घरची झाली. ती भिंतीला वळसा घालून पलीकडे जायची, तोंडाला साखर लावून परत यायची, आणि आजी तिला कुठं होतीस असं मुद्दाम विचारायची नाही.

त्या वर्षी पावसाबरोबर डेंगी आला, आणि असा आला की इस्पितळात एका खाटेवर दोन पोरं झोपवायला लागले. रेडिओवर आणीबाणी जाहीर झाली. लास्तेनियाला सुरुवातीला त्याचं काही वाटलं नव्हतं. आदल्या वर्षी केलिनला हाच ताप येऊन गेला होता. डोळ्यांमागे दुखायचं, हाडं मोडल्यासारखी व्हायची, पण निभावलं. गोवर एकदा येऊन गेला की सुटलो, तसंच हे, असा तिचा हिशेब. आरोग्य केंद्रातल्या नोएमी नर्सनं तो खोडून काढला.

"दोन्या, या तापाचे चार भाऊ आहेत," नोएमी म्हणाली. "एक येऊन गेला म्हणजे बाकीचे तिघं तुमच्या नातीला ओळख दाखवून सोडतील असं नाही. उलट दुसरा आला तर जास्त वाईट वागतो. पोट दुखतं, रक्त जातं. केलिनला सांभाळा. आणि डास चावतो तो दिवसा, हे लक्षात ठेवा."

लास्तेनिया घरी आली ती घाबरूनच. आयुष्यात ती दोनदाच घाबरली होती. एकदा नदीला, आणि एकदा त्या दिवशी.

मदत संस्थेची माणसं शाळेत स्वयंसेवक गोळा करत होती, तिथं दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर जाऊन ती बसली. तिला जाकीट मिळालं, ते पुढून मिटेना. ब्रश मिळाला, आणि एक पांढरा मग मिळाला. पांढऱ्या मगात पाणी घेतलं की डासाची बारीकशी अळीसुद्धा वळवळताना दिसते. नोएमीनं शिकवलं ते थोडक्यात असं: आपल्या प्रत्येकाच्या अंगणात पिला आहे, कपडे घासायच्या दगडाला जोडलेली सिमेंटची टाकी. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, म्हणून ती भरून ठेवावी लागते. डासाची मादी अंडी घालते ती पाण्यात नाही, तर पाण्याच्या रेषेवर भिंतीला, मिरपुडीसारखी चिकटवून. नुसती टाकी रिकामी करून ती जात नाहीत. क्लोरच्या पाण्यात धुण्याची पावडर कालवून लेप करायचा, भिंतीला फासायचा, थोडं थांबायचं, मग खसाखसा घासायचं. दर आठवड्याला.

"थोडं म्हणजे किती?" लास्तेनियानं विचारलं.

"पंधराएक मिनिटं."

"म्हणजे रोझरीच्या माळेचे तीन दशक, दहा-दहा मण्यांचे, सावकाश म्हटलेले," ती म्हणाली, आणि वस्तीत पुढे तेच माप रूढ झालं.

काम मात्र सोपं नव्हतं. पहिल्याच घरी इर्मा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भरलेली पिला ओतून देऊ? आणि नळ कधी यायचा? तो काय तुमच्या माउलीच्या हातात आहे का, दोन्या?"

"ओतू नकोस. धू."

"माझे सगळे कपडे धुऊन झालेत."

"मग आमचे धुऊ."

आणि खरंच, तासाभरात गल्लीतल्या बायका पाट्या भरभरून चादरी, पडदे, पोरांचे गणवेश घेऊन इर्माच्या अंगणात जमल्या. धुता धुता पिला तळाला गेली, एक तांब्याही वाया गेला नाही. मग लेप, मग माळ, मग घासणं. इर्माच्या घरी नळ येईपर्यंत बाकीच्यांनी बादली-बादली पाणी पोचवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी पुढचं घर. असं धुणं त्या गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. कुणाचा परकर किती जुना आहे हे सगळ्यांना कळलं, आणि त्यावरून आठवडाभर हसणं चाललं. लास्तेनिया खूश होती. माणसं पाण्यासाठी भांडतात हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. पाण्यासाठी एकत्र येतात हे तिला नवीन होतं.

एक दार मात्र ती टाळून पुढे जायची. तिथं नोएमी स्वतः गेली. ओफेलिया जाळीच्या दारामागून म्हणाली, "माझ्या घरावर प्रभूची पाखर आहे आणि माझ्या पिलेवर माझी नजर आहे. तुम्ही दमू नका, बाई." दार काही उघडलं नाही. तिचं बघून प्रार्थनागृहात जाणाऱ्या इतर घरांनीही कड्या लावल्या.

आता ओफेलियाची पिला होती त्या मधल्या भिंतीला लागून, आणि भिंतीच्या अलीकडे केलिनची खाट. दीड खोलीचं घर. खाट दुसरीकडे हलवायची तर चुलीवर ठेवावी लागली असती. लास्तेनियानं नातीला दिवसाढवळ्या मच्छरदाणीत बसवायला सुरुवात केली. पोर आतून तोंड फुगवून बघायची. "आजी, मी काय चीज आहे का, झाकून ठेवायला?"

"चीजच आहेस. गप बस."

जे हातानं जमेना ते लास्तेनियानं माउलीवर सोपवलं. एरवी माउलीची पेटी घरोघर फिरायची ती मे महिन्यात. या वर्षी लास्तेनियानं आपल्या चर्चच्या पाद्रीबाबांशी हुज्जत घालून ती ऑगस्टातच बाहेर काढली. प्रत्येक घरी तीन दिवस मुक्काम, संध्याकाळी रोझरी, मग पुढचं घर. पेटीबरोबर फुलांचा निळा काचेचा बुधला. त्या फुलांचं पाणी कुणी टाकत नाही. माउलीपुढं राहिलेलं पाणी ते, मोरीत कसं ओतायचं? कमी झालं की वरून भर घालायची, बस. आणि निरोपाच्या दिवशी त्यातलं थोडं तुंब्याच्या काळ्या वाटीत घेऊन घरच्या पिलेत सोडायचं, म्हणजे घराचं रक्षण होतं. पिलेत सोडायची ही टूम लास्तेनियाचीच, याच वर्षाची. तुंब्याची वाटीही तिचीच होती.

लेप चालू होता, माळ चालू होती, तरी ताप हटेना. उलट घासून लख्ख केलेल्या पिलांत दहा दिवसांत पुन्हा अळ्या दिसू लागल्या. इर्माचा धाकटा इस्पितळात गेला, नाकातून रक्त येत असतानाच. नोएमीनं डोक्याला हात लावला. "लेप बरोबर आहे, दोन्या. मग हे येतंय कुठून?"

"मला विचार ना," लास्तेनिया म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे वळवून, जरुरीपेक्षा पुष्कळ मोठ्यांदा पुढे म्हणाली, "काही लोकांच्या पिलेवर नुसती नजर असते. ब्रश नसतो!"



फिरत फिरत माउली लास्तेनियाच्या घरी आली. तीन दिवस झाले. निरोपाची वेळ झाली, दुपार होती, केलिन मच्छरदाणीत चित्रं काढत होती. लास्तेनिया तुंब्याची वाटी घ्यायला गेली तर वाटीला मधोमध तडा गेलेला. इतक्या दिवसांच्या हाताळणीनं गेला असेल. ती इकडेतिकडे बघू लागली. जाकिटाशेजारी खिळ्याला तो पांढरा मग टांगलेला होता. तिनं तोच घेतला, फुलं बाजूला सारली आणि बुधला कलता केला.

मगात पाणी पडलं, आणि पाण्यात काहीतरी नाचलं.

तिला आधी वाटलं पाकळीचा तुकडा असेल. मग तो तुकडा वळला, तळाशी गेला, परत वर आला. त्याच्यामागून दुसरा आला. तिनं तो मग दारापाशी उजेडात नेला. महिनाभर वस्तीतल्या प्रत्येक टाकीत, डबक्यात, कुत्र्याच्या पाण्याच्या थाळीतसुद्धा तिनं हा मग बुडवला होता. माउलीच्या बुधल्यात बुडवावा असं तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. निळी जाड काच, काळी वाटी, दिसणार कुठून? ती घराघरातून स्वतः हातानं अळ्या पोचवत आली होती. आधी लेप लावून टाकी निर्मळ करायची आणि मग त्यात आशीर्वाद म्हणून डास सोडायचे.

ती उंबऱ्यावर बसली, आणि हातातला मग डुचमळू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला. पेटीतली माउली समोरच होती. "हे तू मला आधी दाखवायचं नाहीस का गं?" लास्तेनिया पुटपुटली. तिला रडू आलं, आणि रडतानाही आवाज जाईल म्हणून तिनं ॲप्रनचा बोळा तोंडात कोंबला.

खरं सांगायचं तर पहिला विचार काही उदात्त नव्हता. बुधला पेरूच्या झाडाखाली ओतावा, घासावा, आणि तोंड शिवून बसावं. कुणाला कळणार होतं? कळलं तर इर्मा काय म्हणेल? पाद्रीबाबा काय म्हणतील? आणि भिंतीपलीकडची ती? ती तर प्रार्थनागृहात उभी राहून साक्ष देईल की बघा, बाहुलीच्या पाण्यात किडे. बारा वर्षांची लढाई लास्तेनिया एका मगभर पाण्यात हरणार होती.

"आजी, काय झालं?" केलिन जाळीला नाक लावून विचारत होती. जाळीचे चौकोन तिच्या नाकावर उमटले होते.

लास्तेनियानं त्या नाकाकडे पाहिलं. तिनं गप्प बसायचं म्हटलं तरी पिलांतल्या अळ्या गप्प बसणार नव्हत्या. चार दिवसांत त्यांना पंख फुटणार होते.

संध्याकाळी निरोपाच्या रोझरीला अंगण भरलं. लास्तेनिया माळ न घेता पुढे आली, हातात मग. "सगळ्यांनी एकेक करून बघा," ती म्हणाली. "हे माउलीच्या बुधल्यातलं आहे. तेच तुमच्या पिलेत गेलंय. मी घालायला लावलं. माउलीचा दोष नाही, तिनं काही फुलं मागितली नव्हती. दोष माझा."

तो मग हातोहात फिरला. कुणी छातीवर क्रूस काढला, कुणी 'हे भलतंच' म्हणालं. एक म्हातारा म्हणाला की आशीर्वादाच्या पाण्यातले किडेही पवित्रच असतील, तेव्हा त्याच्या सुनेनं त्याला खाली बसवलं. इर्माकडे मग आला तेव्हा तिनं तो कितीतरी वेळ धरून ठेवला.

"माझा पोरगा चार दिवस सलाईनवर होता, दोन्या."

"हो," लास्तेनिया म्हणाली.

"मी तुम्हाला शिव्या दिल्या असत्या," इर्मा म्हणाली. "पण तुम्हीच सांगितलंत म्हणून जीभ रेटत नाही." तिनं मग मातीत ओतला आणि वरून चपलेनं माती दाबली. "उद्या माझ्याकडून सुरू करू. पण या खेपेला परकर कुणी बघायचे नाहीत."

नोएमी मागं उभी होती. निघताना ती लास्तेनियाजवळ आली. "एका बुधल्यानं एवढी साथ येत नाही, दोन्या, सगळं स्वतःच्या अंगावर घेऊ नका. पण एका बुधल्यानं महिन्याची मेहनत पाण्यात जाते, हे खरं."

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्यापासून धुणं, लेप, माळ. मार्लेननंही झोप मोडून ब्रश धरला. वस्ती कुरकुरली, दोघातिघांनी टोमणे मारले, पण पिला एकेक करून तळाला गेल्या. शेवटी लास्तेनियाची स्वतःची झाली. ती कंबर धरून उभी राहिली आणि समोर उरली ती फक्त भिंत.

आता गोष्ट साधी होती. बुधल्याचा घोळ निस्तरला होता, पण पलीकडच्या टाकीत काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि केलिनची खाट होती तिथंच होती. शब्द मोडायचा की नातीची काळजी करत झुरायचं? लास्तेनियानं ओले हात पुसले, जाकीट घातलं, परत काढून ठेवलं, आणि नुसता पांढरा मग घेऊन ओफेलियाच्या दारावर थाप मारली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

आत पावलं आली आणि थांबली.

"मी आहे," लास्तेनिया म्हणाली. "पेटी आणलेली नाही. तुला हसायचं तर हसून घे. माझ्या बाहुलीच्या पाण्यात किडे निघाले. आता तुझी पिला तेवढी बघू दे. माझ्यासाठी नको, पोरीसाठी."

कडी वाजली. ओफेलिया दारात उभी होती, वाळलेली, केस पांढरे झालेले. भिंतीपलीकडे राहणारं माणूस इतकं म्हातारं झालंय हे लास्तेनियाला कुणी सांगितलंच नव्हतं. ओफेलिया बाजूला झाली.

लास्तेनिया थेट मागच्या अंगणात गेली, पिलेत पांढरा मग बुडवला, उजेडात धरला. स्वच्छ. दुसऱ्या कोपऱ्यात बुडवला. स्वच्छ. तिनं पाण्याच्या रेषेवर भिंतीला बोट फिरवलं, बोटाला क्लोरचा वास आला. एवढी पांढरी पिला तिनं अख्ख्या वस्तीत पाहिली नव्हती, स्वतःचीसुद्धा नाही.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी शिकवायला कशाला हवं?" ओफेलिया म्हणाली. "तू तुझ्या अंगणात बायांना सांगत होतीस, ते इथं मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. क्लोर किती, पावडर किती. तुझा आवाज भिंतीला अडतो का कधी? फक्त ते रोझरीचं माप मी घेतलं नाही. मी तेवढा वेळ स्तोत्र म्हणते."

"मग घासताना मला कसं ऐकू आलं नाही?"

"रविवारी तू चर्चात मिस्साला गेलीस की घासायची. ब्रशचा आवाज ऐकला असतास तर जिंकल्यासारखी मिरवली असतीस आठवडाभर. तेवढं सुख तुला द्यायचं नव्हतं मला."

लास्तेनियाला हसू आलं. "अगं मग दार उघडून सांगायचं होतंस नोएमीला! मी इकडे भिंतीकडे बघून बघून अर्धी झाले."

"अर्धी? कुठून?" ओफेलियानं तिला खालून वर न्याहाळलं. मग तिचा आवाज खाली आला. "मार्लेनला मी उराशी धरलंय, लास्तेनिया. तिच्या पोरीच्या उशाशी माझी टाकी आहे, हे मला कळत नाही का? तू काय समजलीस, मी माझं पाणी तसंच ठेवीन?"

लास्तेनिया समजली होती तसंच. महिनाभर समजून चालली होती. लाजेनं तिचे कान तापले.

"एक कोपरा तेवढा राहतो," ओफेलिया म्हणाली, आणि टाकीच्या पलीकडच्या बाजूला, मधल्या भिंतीखाली बोट दाखवलं. "खांदा गेलाय माझा. हात पोचत नाही तिथं. बरेचदा वाटलं, भिंतीवर थाप मारून हाक मारावी. मग वाटलं, नकोच."

लास्तेनियानं चपला काढल्या, स्कर्ट खोचला, आणि डुलत डुलत पिलेच्या कठड्यावर चढली. दगड हलला, ओफेलियानं तिला मागून कमरेशी धरलं, आणि ती ओणवी होऊन कोपऱ्यात ब्रश घालू लागली. पलीकडून केलिनचा आवाज आला, "आजी, तू तिकडे काय करतेस?"

"काम करतेय! मच्छरदाणीत जा!"

"पाणी जपून, कोमाद्रे," ओफेलिया म्हणाली. "नळ परवाशिवाय यायचा नाही."

त्यानंतर त्या दोघी जोडीनं फिरल्या. लास्तेनिया एका बाजूच्या घरांची कडी वाजवायची, ओफेलिया प्रार्थनागृहवाल्यांची. तिच्या मागोमाग तीही दारं उघडली. तो पांढरा मग मात्र सगळ्याच घरी पिलेत बुडायचा. पाऊस संपेपर्यंत गल्लीत ताप येत राहिला, पण तुरळक, आणि त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या घरांत आलाच नाही. नाताळात केलिनचा फ्रॉक आखूड झाला, तेव्हा लास्तेनियानं तो खाली सोडता सोडता कितीदा तरी डोळे पुसले आणि चुलीच्या धुरावर ढकललं.

फेब्रुवारीत माउलीचा सण आला, आणि पेटी पुन्हा वस्तीत निघाली. पुढं लास्तेनिया पेटी घेऊन, तिच्यामागं केलिन निळा बुधला घेऊन. ओफेलियाच्या दाराशी मिरवणूक नेहमीसारखी न थांबता पुढे जायला निघाली, तर ओफेलिया स्वतःच उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मूर्तीकडे तिनं पाहिलंही नाही. तिचा पंथ तोच होता आणि मतही तेच होतं.

"इकडे आण गं तो," ती केलिनला म्हणाली.

तिनं कागदाची फुलं उचलली, बुधल्यात बोट घातलं आणि तळापर्यंत फिरवलं. आत कोरडी वाळू होती. तिनं बोट बाहेर काढून उजेडात धरलं, नीट पाहिलं, ॲप्रनला पुसलं.

"कोरडा आहे, कोमाद्रे," ती म्हणाली. "जा आता पुढं. चुलीवर माझी उसळ लागेल."